लीडरशिप आणि नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट: मेजर, मायनर की नुसती आवड?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (एकाच विषयात न अडकता अनेक विषय शिकवणाऱ्या) तुमचं दुसरं वर्ष संपत आलंय आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायची मुदत तोंडावर आहे. सोशिऑलॉजी मनापासून आवडतं. कॉलेजात ‘लीडरशिप अँड नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट’ (नेतृत्व आणि ना-नफा संस्थांचं व्यवस्थापन) हा विषय मेजर म्हणूनही घेता येतो आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणूनही. सल्लागार प्राध्यापिका म्हणतात, घ्या. वडील म्हणतात, “संस्था चालवायला डिग्री कशाला? मन लागतं.” तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहात, त्यामुळे नोकरीची धाकधूक आहेच. आणि जाता जाता विचारलंय, की चार विद्यार्थी क्लबांची अध्यक्षपदं मिळवली तर बायोडेटाला वजन येईल का.

मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या नॉनप्रॉफिट संस्थांत आहे. ग्रँटचे (अनुदानाचे) अर्ज लिहिण्यापासून सुरुवात केली, मग फंडरेझिंग (निधी उभारणी) केलं, आणि आता प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संस्थेची एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर आहे. मधली काही वर्षं एका कॉलेजात संध्याकाळी हाच विषय शिकवला. म्हणजे या डिग्रीची भलामण करण्यात माझा थोडा स्वार्थ होता, आणि डिग्रीवाल्यांना नोकरीवर घेऊन पस्तावण्याचा अनुभवही आहे. दोन्ही लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मेजर की मायनर हा कागदावरचा प्रश्न झाला. त्याच्या पोटात खरा प्रश्न असा, की या कामातलं वर्गात बसून नेमकं काय शिकता येतं? माझ्या मते येतं ते सगळं कंटाळवाणं असतं. हिशेब, कायद्याची चौकट, बोर्डाची (विश्वस्त मंडळाची) कार्यपद्धती. ते शिकाच. ‘लीडरशिप’ नावाचा जो आकर्षक भाग आहे, त्याची वर्गात फार तर भाषा मिळते. म्हणून तुमच्या जागी मी असते तर सोशिऑलॉजी मेजर, हे मायनर, आणि जोडीला अकाउंटिंगचा एक कोर्स असं घेतलं असतं. अर्थात हे तुमच्या कॉलेजचा अभ्यासक्रम कसा आहे, व्हिसाचं काय आणि घरून किती वर्षांचा आधार आहे, यावर बदलू शकतं.

अभ्यासक्रमाचं आधी. या विषयाची पाटी सगळीकडे सारखी दिसते, आत मात्र वेगवेगळा माल असतो. रिचमंड विद्यापीठाचं जेपसन स्कूल १९९२पासून लीडरशिप स्टडीज शिकवतंय. तिथे भर आहे तो इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र यांच्या अंगानं नेतृत्व समजून घेण्यावर. इंडियाना विद्यापीठातलं लिली स्कूल दानधर्माकडेच अभ्यासाचा विषय म्हणून बघतं. नॉनप्रॉफिट लीडरशिप अलायन्स ही संस्था १९४८मध्ये कॅन्सस सिटीत ‘अमेरिकन ह्युमॅनिक्स’ या नावानं सुरू झाली. तिच्याशी जोडलेल्या कॉलेजांत ‘सर्टिफाइड नॉनप्रॉफिट प्रोफेशनल’ असं प्रमाणपत्र मिळवता येतं, आणि तिचा रोख सरळ नोकरीच्या तयारीवर असतो. दुसऱ्या टोकाला विल्यम्स आणि ॲमहर्स्ट ही लिबरल आर्ट्स कॉलेजं. तिथे बिझनेसचं मेजरच नाही, आणि तरी त्यांची मुलं या क्षेत्रात कमी नाहीत. तेव्हा माहितीपत्रकातलं हसऱ्या चेहऱ्यांचं पान उलटा आणि सिलॅबस मागून घ्या. त्यात खऱ्या संस्थेचा ताळेबंद वाचायला लावतात का? शिकवणाऱ्यांपैकी निदान एकानं कधी पेरोल (कर्मचाऱ्यांचा पगार) भागवलाय का? इंटर्नशिपमध्ये लिफाफे चिकटवतात की बोर्डाच्या बैठकीत बसू देतात? तिन्ही उत्तरं नकारार्थी असतील तर मायनरसुद्धा घेऊ नका. ते कोर्स इकॉनॉमिक्सला द्या.

आता तुमच्या वडिलांच्या ‘मन लागतं’ या वाक्याकडे येते. ते चूक नाहीत. पण मन असलेल्या दोन बायकांनी काय घोळ घातला ते सांगते. त्यातली एक मी.

माझी दुसरी नोकरी. संस्था लहान, संचालिका अतिशय तळमळीची. एका शुक्रवारी तिनं मला बोलावलं आणि बँकेचं स्टेटमेंट पुढे सरकवलं. खात्यात दोन लाख चौदा हजार डॉलर. “अकाउंटंट म्हणतोय, पुढच्या पेरोलला पैसे कमी पडतील. हा माणूस वेडा आहे का?” मलाही तो वेडाच वाटला. दर दोन आठवड्यांचा पेरोल एकतीस हजारांचा. पण त्या रकमेतले एक लाख नव्वद हजार एका फाउंडेशननं मुलांच्या पुस्तकांसाठी, पुढच्या दोन वर्षांसाठी म्हणून दिलेले होते. सरकारी ग्रँटचे पैसे येणार होते, पण त्या ग्रँटची रीत अशी, की आधी तुम्ही खर्च करा, मग बिलं पाठवा, आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी घ्या. म्हणजे पगाराला खरी मोकळी रक्कम होती चोवीस हजार. संचालिका म्हणाली, “आत्ता वापरू, सरकारचे आले की परत भरू.” मी मान डोलावली.

सरकारचे पैसे उशिरा आले. तोवर तीन पेरोल पुस्तकांच्या पैशांतून गेले होते, आणि फाउंडेशनला सहामाही अहवाल लिहायची पाळी माझ्यावर आली. आकडे जुळेनात. फोन करण्याआधी मी करारपत्र काढून दुसऱ्या पानावरची एक ओळ वाचली. ‘ही रक्कम फक्त वर नमूद केलेल्या हेतूसाठीच वापरता येईल.’ साधी इंग्रजी ओळ. मीच तो अर्ज लिहिला होता, करारही मीच फाइलला लावला होता, आणि ती ओळ मी तेव्हा प्रथमच वाचत होते. फाउंडेशनच्या बाई शांतपणे बोलल्या, दर तीन महिन्यांनी हिशेब मागितला, आणि दोन वर्षं संपल्यावर नवी ग्रँट दिली नाही. एक पैसाही कुणाच्या खिशात गेला नव्हता. मन भरपूर होतं. ताळेबंद वाचता येत नव्हता.

अमेरिकन हिशेबपद्धतीत संस्थेची निव्वळ मालमत्ता दोन कप्प्यांत दाखवावी लागते, देणगीदाराच्या अटी असलेली आणि नसलेली. पूर्वी हे तीन कप्पे होते; २०१६मध्ये आलेल्या नव्या मानकानं दोन केले. हे वर्गात शिकायला एक तास पुरतो. मला ते शिकायला एक ग्रँट गमवावी लागली.

म्हणूनच मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात फॉर्म ९९० वाचायला लावायचे. ५०१(सी)(३) या करमाफीच्या दर्जाच्या बहुतेक संस्थांना हा वार्षिक फॉर्म करखात्याकडे भरावा लागतो (चर्च वगैरेंना सूट आहे) आणि तो कुणालाही बघता येतो. अगदी लहान, म्हणजे साधारण पन्नास हजार डॉलरपर्यंत वार्षिक जमा असलेल्या संस्था ९९०-एन हा पोस्टकार्डाएवढा फॉर्म भरतात. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो, आणि असा दर्जा गमावलेल्या संस्था कमी नाहीत. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या वेबसाइटवर हे फॉर्म फुकट मिळतात.

तुमच्या कॉलेजच्या गावातली एखादी संस्था निवडा आणि तिचे लागोपाठ तीन वर्षांचे फॉर्म उघडा. सुरुवातीच्या पानावरचं ध्येयवाक्य वाचून पुढे जा, तिथे थबकू नका. भाग ८मध्ये पैसा कुठून आला ते दिसेल: देणग्या, सरकार, फी. एकाच नळातून सगळं पाणी येत असेल तर ते पेन्सिलनं लिहून ठेवा. भाग ९मध्ये खर्चाचे तीन रकाने आहेत, कार्यक्रम, व्यवस्थापन आणि फंडरेझिंग. भाग १०मध्ये मघाशी सांगितलेले दोन कप्पे. आता स्वतःला विचारा, उद्यापासून एक डॉलरही आला नाही तर अटी नसलेल्या पैशांवर ही संस्था किती महिने तग धरेल? आमच्या वर्गात हे उत्तर निघालं की एकदम शांतता पसरायची. नावाजलेल्या संस्थेचं उत्तर ‘पाच आठवडे’ असं निघायचं.

भाग ७ तुमच्या वडिलांना दाखवा. त्यात संचालकांचे, अधिकाऱ्यांचे आणि एक लाख डॉलरच्या वर मिळवणाऱ्या सर्वाधिक पगाराच्या कर्मचाऱ्यांचे आकडे असतात. या क्षेत्रात पैसा नाही असं सरसकट म्हणणारे आणि मोठ्या हॉस्पिटलच्या प्रमुखाचा पगार ऐकून बोटं मोडणारे, दोघांनीही बहुधा हा भाग कधी उघडलेला नसतो. मात्र तुमची पहिली नोकरी त्या यादीत नसेल. ती प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर किंवा डेव्हलपमेंट असोसिएट अशी असेल, आणि मोठ्या शहरात घरभाडं देताना जीव मेटाकुटीला येईल.

रकान्यांवरून आठवलं, व्यवस्थापनाचा खर्च म्हणजे उधळपट्टी ही समजूत वर्गाबाहेरच ठेवून या. नॉनप्रॉफिट संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनीच २०१३मध्ये जाहीर पत्र काढून देणगीदारांना सांगितलं, की व्यवस्थापनावर किती टक्के खर्च होतो, नुसतं एवढ्यावरून संस्थेला जोखू नका. फेडरल (केंद्र सरकारच्या) ग्रँटमध्येही, ज्यांनी आपला दर वाटाघाटीनं ठरवून घेतलेला नाही त्यांना पूर्वी अप्रत्यक्ष, म्हणजे व्यवस्थापनासारख्या, खर्चासाठी सरसकट १० टक्के मिळायचे, ते ऑक्टोबर २०२४पासून १५ झाले. मघाच्या गोष्टीतला अकाउंटंट हा त्याच ‘व्यवस्थापन’ रकान्यातला माणूस होता. तो आठवड्यातून एकच दिवस यायचा, कारण आम्हाला तो रकाना छोटा दाखवायचा होता.

आता लीडरशिप. गंमत म्हणजे या अभ्यासाचा एक मोठा झरा लिबरल आर्ट्स कॉलेजातच आहे. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स विल्यम्समध्ये राज्यशास्त्र शिकवायचे. देवाणघेवाणीवर चालणारं नेतृत्व आणि दोन्ही बाजूंना बदलवणारं नेतृत्व हा त्यांनी १९७८मध्ये मांडलेला फरक आजही पहिल्या-दुसऱ्या तासाला शिकवतात. ते वाचा, उपयोगी आहे. पण मला स्वतःला त्याहून जवळची वाटते ती समाजसेविका जेन ॲडम्स. रॉकफर्डच्या सेमिनरीत १८८१मध्ये शिक्षण पूर्ण केलेली ही बाई. १८८९मध्ये एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर तिनं शिकागोतल्या गरीब वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र उघडलं. वस्तीत कचरा साठतोय, रोगराई होतेय, कंत्राटदार दाद देत नाही, तर तिनं १८९५मध्ये त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाचं पद मिळवलं आणि पहाटे उठून कचरागाड्यांच्या मागे फिरली. त्याच वर्षी हल हाउसच्या मंडळींनी घरोघर जाऊन जमवलेल्या माहितीवरून वस्तीचे नकाशे प्रसिद्ध केले: कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसं, आठवड्याची मिळकत किती. तुम्हाला आवडतं ते सोशिऑलॉजी आणि तुम्ही घेऊ म्हणताय ते नेतृत्व यांची तिथे फारकत नव्हती.

ही फारकत झाली की काय होतं, तेही माझ्याच बाबतीतलं सांगते. डायरेक्टर झाल्यावर दुसऱ्या वर्षी आमचं एक संध्याकाळचं केंद्र बंद करून दुसऱ्यात विलीन करायचा प्रस्ताव मी बोर्डापुढे ठेवला. नऊ जणांचं बोर्ड, सगळे बिनपगारी. अडतीस स्लाइड केल्या होत्या. प्रति विद्यार्थी खर्च, भाडं, पाच वर्षांचे अंदाज. सगळे माना डोलावत होते. शेवटी एका निवृत्त बस ड्रायव्हरनं विचारलं, “क्लास नऊला सुटतो. नऊनंतर त्या केंद्राकडून परतीची बस कोणती?” मी स्लाइड मागे-पुढे केल्या, जणू उत्तर त्यांच्यात कुठेतरी असणार. बस नव्हती. शेवटची आठ पन्नासला सुटायची. आमच्या निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांकडे गाडी नव्हती, हे मला माहीत होतं; बस नाही हे माहीत नव्हतं, कारण मी एकाही विद्यार्थ्याला ‘तुम्ही घरी कसे जाता?’ असं विचारलं नव्हतं. ठराव पुढे ढकलला गेला. महिनाभर आम्ही विद्यार्थ्यांशी बोललो आणि वर्गाची वेळ पाऊण तास अलीकडे घेऊन मगच विलीनीकरण केलं.

माणसांना प्रश्न कसा विचारायचा, मुलाखत कशी घ्यायची, आपल्या तक्त्यात कोण आलंच नाही हे कसं ओळखायचं, हे सोशिऑलॉजीच्या संशोधनपद्धतीच्या कोर्सात शिकवतात. मॅनेजमेंटच्या कोर्सात मी स्लाइड करायला शिकले होते. मेजर म्हणून सोशिऑलॉजीच ठेवा, या सल्ल्यामागचं हे एक कारण.

दुसरं कारण लिखाणाचं. छोट्या कॉलेजात बारा-पंधरा जणांच्या वर्गात तुमचा निबंध प्राध्यापक लाल शाईनं रंगवून परत देतात. हा लाड नंतर आयुष्यात कुणी करत नाही. ग्रँटचा अर्ज म्हणजे शेवटी तोच निबंध, फक्त शब्दमर्यादा कडक आणि शेवटी बजेट जोडलेलं. माझ्याकडे नोकरीसाठी येणाऱ्यांना मी अर्धा तास देऊन एकच पान लिहायला सांगते. डिग्रीचं नाव त्यानंतर बघते.

व्हिसाचा भाग कोरडा आहे, पण तो चुकला तर बाकी सगळं फोल. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. २४ महिन्यांची वाढीव मुदत स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांनाच मिळते, आणि नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट त्या यादीत नाही. सोशिऑलॉजीही साधारणपणे नसतं. काही कॉलेजं आपलं इकॉनॉमिक्स संख्यात्मक शाखेच्या कोडखाली नोंदवतात, ते यादीत बसतं. तुमच्या कॉलेजात तसं आहे का, हे रजिस्ट्रारकडे विचारा. ही मुदत तुमच्यासाठी निर्णायक असेल तर माझा मघाचा सल्ला बदलतो: इकॉनॉमिक्स मेजर, सोशिऑलॉजीचे तीन-चार कोर्स आणि हे मायनर.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. ‘एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी नॉनप्रॉफिटला लॉटरीतून जावं लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. ती सूट विद्यापीठांना, त्यांच्याशी औपचारिकरीत्या संलग्न असलेल्या नॉनप्रॉफिट संस्थांना आणि नॉनप्रॉफिट वा सरकारी संशोधन संस्थांना आहे. कोपऱ्यावरच्या फूड बँकेला नाही, माझ्या संस्थेलाही नाही. इंटर्नशिप पगारी असेल तर सीपीटीची (शिकत असताना काम करायच्या परवानगीची) मंजुरी आधी घ्या, आणि पूर्ण वेळाची सीपीटी बारा महिने झाली तर त्या पदवीवरची ओपीटी जाते हे ध्यानात ठेवा. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते ‘मी स्वयंसेवक म्हणून करते’ असं म्हणून करू नका. हेतू चांगला असला तरी ते अंगाशी येऊ शकतं. अमेरिकॉर्प्स ही सरकारी समाजसेवा योजना नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांच्यासाठी आहे, तेव्हा वर्गमित्रांचं बघून तिच्या मागे लागू नका. हे नियम सतत हलत असतात, म्हणून प्रत्येक पावलाआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन खात्री करा आणि मिळालेलं उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

राहिला क्लबांचा प्रश्न. चार अध्यक्षपदं बघून मी तरी प्रभावित होत नाही. चार ठिकाणी बैठका कुणी घेतल्या असतील, असाच प्रश्न मला पडतो. एकच क्लब निवडा आणि त्यात खजिनदार व्हा. ते पद बहुधा रिकामंच असतं, कुणाला नको असतं. विद्यार्थी संघटनेकडून मिळालेले पैसे कोणत्या अटींवर आले, त्यातलं काय कशावर गेलं, पावती कुणी हरवली, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टीशर्टसाठी पैसे मागणाऱ्या मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं, हे सगळं वर्षभर सांभाळा. वर्षाअखेरीस नव्या खजिनदाराला शेजारी बसवून एका तासात सगळा हिशेब समजावता आला, तर मुलाखतीत मला तो तास कसा गेला तेवढं सांगा.